देवगिरीचीं पोतीं आणि गड चढण्याचें साहित्य

इसवी सन १२९६. कडा-माणिकपुराहून निघालेला अल्लाउद्दीन खिलजी विंध्य ओलांडून अवचित देवगिरीच्या पायथ्याशीं येऊन उभा राहिला. यादवांचा राजा रामचंद्र, ज्यास महाराष्ट्र रामदेवराव ह्या नांवानें ओळखतो, तो त्या वेळीं जवळजवळ एकटा होता. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलें होतें. राजानें हातीं होती तेवढी शिबंदी घेऊन गडाचा आश्रय केला. वेढ्यांत धान्य लागणार, म्हणून पायथ्याशीं उतरलेल्या कोंकणच्या व्यापारी तांड्याचीं हजारों पोतीं घाईघाईनें वर चढविण्यांत आलीं. पुढें शंकरदेव परत आला, लढला आणि हरला. तरीहि गड हातचा गेला नव्हता. धान्य आहे तोंपर्यंत झुंजूं, असें ठरवून पोतीं उघडलीं, तों आंत धान्य नव्हतें, मीठ होतें. राजास तह करावा लागला.

सतराव्या शतकाच्या आरंभीं विजापूरच्या दरबारीं इतिहास लिहिणाऱ्या फेरिश्त्यानें ही कथा नमूद केली आहे. तिच्यांतील खरें-खोटें निवडण्याचें काम इतिहासाच्या पंडितांचें. परंतु जो कोणी घरांतून पाठीवर ओझें घेऊन डोंगराकडे निघतो, त्यास ह्या कथेहून मोठा गुरु मिळणें कठीण. रामदेवरावाचा कडा ढासळला नाहीं, दरवाजा फुटला नाहीं. पोतें चढविण्यापूर्वीं कोणी त्याचें तोंड सोडून पाहिलें नाहीं, एवढेंच झालें. गड चढण्याच्या साहित्याची निवड कशी करावी, ह्या प्रश्नाचें सारें उत्तर त्या एका चुकीच्या उलट आहे. जें बरोबर न्यावयाचें तें वर पोंचल्यावर नव्हे, पायथ्याशीं, किंबहुना घरींच, उघडून, वापरून व पारखून पाहावें.

हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. एके काळीं डोंगर चढणें हें मोजक्या लोकांचें वेड समजलें जाई. आज सुटीच्या दिवशीं गडांच्या पायऱ्यांवर पाय ठेवावयास जागा नसते. दुकानांतून रंगीबेरंगी सॅक, बूट, काठ्या आणि दिवे टांगलेले असतात; विद्यार्थी पहिल्या वेतनांतून किंवा वडिलांकडून पैसे घेऊन ते विकत आणतात, आणि आईवडिलांस वाटतें कीं, एवढें महागाचें सामान घेतलें म्हणजे मुलगा सुखरूप परत येणार. पावसाळ्यांत मात्र वर्तमानपत्रांतून निसरड्या कड्यांवरून पडलेल्यांच्या, धुक्यांत वाट चुकलेल्यांच्या आणि पाण्यावांचून कोसळलेल्यांच्या वार्ता येतच राहतात. त्या वार्तांतील पुष्कळांजवळ सामान नव्हतें असें नाहीं. सामान होतें; परंतु तें त्या जागेसाठीं, त्या ऋतूसाठीं किंवा त्या माणसासाठीं नव्हतें.

म्हणून पहिला नियम असा कीं, काय न्यावें हें दुकानानें नव्हे, जागेनें सांगावें. ह्यासाठीं देवगिरीचा, म्हणजे आजच्या दौलताबादचाच दाखला घ्यावा. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी येथें आणली आणि दौलताबाद हें नांव रूढ केलें. छत्रपती संभाजीनगर शहरापासून हा गड पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहे. मोटार थेट दरवाजापाशीं जाते. त्यामुळें शहरांतील कुटुंबें सकाळचा चहा घेऊन, पायांत चपला आणि हातांत पाण्याची एक बाटली, अशा थाटानें निघतात. चांद मिनारापर्यंत ही तयारी पुरते. पुढें मात्र गड आपलें खरें रूप दाखवूं लागतो. सुमारें २०० मीटर उंचीची शंकूसारखी टेकडी, तिचा पायथ्याचा भाग उभा तासून काढलेला, सभोंवार खडकांत खोदलेला खंदक, तो ओलांडावयास एकच अरुंद पूल, आणि पुलानंतर ती प्रसिद्ध अंधेरी, म्हणजे खडकाच्या पोटांतून वळणें घेत वर जाणारा काळोखी मार्ग. त्यानंतर पायऱ्यांमागून पायऱ्या. बारादरीपर्यंत पोंचतां पोंचतां भल्याभल्यांस धाप लागते.

ज्यांनीं हा गड रचला त्यांनीं प्रत्येक पायरी येणाऱ्यास थकविण्यासाठीं, गोंधळविण्यासाठीं आणि पाडण्यासाठीं योजिली होती. अंधेरींतील पायऱ्या एकसारख्या नाहींत, वळणें अकस्मात् येतात, आणि वरच्या तोंडाशीं लोखंडी झांकण तापवून धूर कोंडण्याची सोय होती असें सांगतात. शत्रूसाठीं केलेली ही योजना आजच्या पाहुण्यासहि तितक्याच निष्पक्षपातीपणानें लागू पडते. परंतु जो नीट पाहील त्यास गड स्वतःच सामानाची यादी वाचून दाखवितो. पायऱ्या म्हणतात, तळ धरणारें पादत्राण आण. अंधेरी म्हणते, उजेड आण आणि हात मोकळे ठेव. उघडा कातळ म्हणतो, पाणी आण आणि डोकें झांक. दोर आण, असें मात्र येथें कोणी म्हणत नाहीं; म्हणून दौलताबादेस दोराचें भेंडोळें मिरवीत नेणारा तरुण जितका चुकला, तितकाच अंधेरींत रिकाम्या हातांनीं शिरणारा गृहस्थहि चुकला.

यादींतील पहिली वस्तु पादत्राण. १९३५ सालीं इटलीच्या आल्प्समध्यें पुंता राझिका ह्या शिखरावर वादळांत सांपडून सहा गिर्यारोहक मृत्यु पावले. खडक चढण्यासाठीं त्यांनीं पातळ तळाचे हलके जोडे घातले होते. बर्फ आणि थंडी सुरू होतांच ते निरुपयोगी ठरले. त्यांचा सोबती विताले ब्रामानी वांचला, आणि ह्या दुःखांतून त्यानें खोल खांचा असलेला रबरी तळ तयार केला. १९३७ मध्यें तो वापरांत आला व त्याच्याच नांवावरून व्हिब्राम ह्या नांवानें जगभर गेला. आज शंभर रुपयांच्या जोड्याखालींहि ज्या खांचा दिसतात, त्यांच्या मागें सहा माणसांचे प्राण आहेत.

बूट घ्यावयाचा तो सायंकाळीं घ्यावा, कारण दिवसभराच्या चालीनें पाय किंचित् सुजलेला असतो आणि डोंगरावरहि तो तसाच सुजणार असतो. जे जाड मोजे डोंगरावर घालावयाचे तेच घालून बूट पायांत चढवावा. उभें राहिल्यावर बोटांपुढें अंगठ्याएवढी जागा राहावी. नाहीं तर उतरतांना सारें अंग बोटांवर येतें आणि संध्याकाळपर्यंत नखें काळीं पडतात. उलट टांच मात्र आंत हलतां उपयोगी नाहीं, हललीच तर फोड आला म्हणून समजावें. नवा बूट थेट गडावर नेऊं नये. संभाजीनगरच्या माणसानें तो आधीं आठ-पंधरा दिवस गोगाबाबा टेकडीवर फिरवावा. पुण्याच्या माणसानें पर्वती चढावी. आणि कपाटांत चार-पांच वर्षें पडून राहिलेला जुना बूट तर अधिकच पारखावा. दिसावयास तो नव्यासारखा असतो. परंतु हवेंतील ओलाव्यानें कांहीं बुटांच्या तळांतील मऊ थर आंतल्या आंत विरतो, डिंकाची पकड जाते, आणि चार तास चालल्यावर अख्खा तळ निखळून हातांत येतो. सह्याद्रींत हा प्रसंग इतका नित्याचा आहे कीं, जाणते लोक चार हात मजबूत सुतळी नेहमीं बरोबर बाळगतात. आणखी एक गोष्ट विसरूं नये: ओल्या शेवाळावर पकड घेणारा तळ अद्याप कोणीहि बनविलेला नाहीं. तेथें बूट नव्हे, सावकाशपणाच उपयोगी पडतो.

दुसरी वस्तु वस्त्र. येथें जागेबरोबर ऋतूचाहि विचार येतो. मराठवाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि दौलताबादचा काळा कातळ तव्यासारखा तापतो. तेथें सैल, फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा व डोक्यास उपरणें ह्यांहून उत्तम पोषाख नाहीं. घाम सुतांत मुरतो आणि वाऱ्यानें अंग थंड होतें. परंतु तोच सदरा जुलै महिन्यांत १४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर नेला, तर जो गुण तोच दोष होतो. भिजलेलें सूत वाळत नाहीं, अंगास चिकटून राहतें, आणि घोंघावणारा वारा शरीराची ऊब ओढून नेतो. भर महाराष्ट्रांत, बर्फाचें नांव नसतांना, माणूस गारठून कसा शुद्ध हरपूं शकतो ह्याचें पुष्कळांस आश्चर्य वाटतें. त्याचें उत्तर ओला सदरा आणि वारा ह्या दोन शब्दांत आहे. पावसाळ्यांत अंगास लागून लवकर वाळणारा पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा कपडा असावा, त्यावर वारा व पाणी अडविणारें आवरण असावें, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून सॅकेच्या तळाशीं ठेवावा. हा जोड मुक्कामास पोंचेपर्यंत सोडूं नये. घोंगडी पांघरून पावसांत गुरें राखणाऱ्या सह्याद्रीच्या धनगरास हें शास्त्र कोणी शिकविलें नव्हतें. लोकर भिजली तरी ऊब देते, हें त्यास पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें.

तिसरी वस्तु पाणी. आणि येथें देवगिरीचें मीठ पुनः भेटीस येतें. उन्हाळ्यांत दिवसभर चढउतार करावयाची असेल तर माणशीं तीन लिटर पाणी हें कमींत कमी प्रमाण धरावें. गडावर टांकें आहे, तेथें भरूं, असा भरंवसा धरूं नये. टांक्यांतील पाणी आटलेलें असतें, नाहीं तर पिण्याजोगें नसतें. पुन्हां, घामावाटे नुसतें पाणी जात नाहीं, क्षारहि जातात. केवळ पाणी पीत राहिल्यानें ती उणीव भरून निघत नाहीं. म्हणून एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हें मिश्रण घरींच करून न्यावें, अथवा औषधाच्या दुकानांत मिळणारी जलसंजीवनीची पुडी घ्यावी. ज्या मिठानें रामदेवरावाचा घात केला, तेंच मीठ योग्य मापानें आणि जाणून बरोबर घेतलें तर प्राण वांचवितें. वस्तु चांगली कीं वाईट, हें वस्तूंत नसून ती ओळखून घेतली कीं नाहीं ह्यांत असतें, ह्यास आणखी पुरावा नको. सोबतीचें बोलणें असंबद्ध होऊं लागलें, अंग तापलें, पाऊल अडखळूं लागलें, तर ती थकवा नव्हे, उष्माघाताची चाहूल समजावी. त्यास सावलींत निजवून अंग ओलें करावें, वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्याची वाट धरावी.

पाण्याच्या गोष्टीबरोबरच मधमाश्यांचाहि उल्लेख करावयास हवा. उंच कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळें लोंबत असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरड ह्यांनीं त्या माश्या उठतात. गडावर जातांना सुगंधी द्रव्यें घरींच ठेवणें हीहि साहित्याची निवडच होय. काय न्यावें ह्याइतकेंच काय नेऊं नये ह्यास महत्त्व आहे.

चौथी वस्तु उजेड. हातांतील भ्रमणध्वनीचा दिवा आहे, तो पुरे, असें आज बहुतेकांस वाटतें. हा समज दोन प्रकारें घातक आहे. एक तर तो धरण्यांत एक हात गुंततो, आणि अंधेरीसारख्या ठिकाणीं पायरी चुकली तर भिंत धरावयास हात मोकळा राहत नाहीं. दुसरें असें कीं, त्या यंत्राची वीज संकटसमयीं ११२ ह्या क्रमांकावर हांक मारण्यासाठीं राखून ठेवावयाची असते. ती पायाखालचा दगड पाहण्यांत खर्चून टाकली, तर अंधार पडल्यावर उजेडहि गेला आणि हांकहि गेली. डोक्यास पट्ट्यानें बांधावयाचा लहानसा विजेचा दिवा आज फार महाग नाहीं. प्रत्येकापाशीं असा एक दिवा असावा. दहा जणांत मिळून दोन दिवे, हा हिशेब अंधारांत चुकतो. आदल्या रात्रीं तो लावून पाहावा, बॅटरीचा जादा संच वेगळ्या पुडींत ठेवावा, आणि दुपारपर्यंत परत येऊं असें ठरलेलें असलें तरीहि तो घरीं ठेवूं नये. वाट चुकणाऱ्यांपैकीं कोणीहि सकाळीं निघतांना वाट चुकण्याचें ठरविलेलें नसतें.

हें सारें ज्यांत भरावयाचें ती सॅक. तिची निवड करतांना रंग व खिसे ह्यांकडे आधीं लक्ष जातें. वास्तविक पाहावयाचें तें तिच्या पाठीची लांबी व कमरेचा पट्टा. ओझें खांद्यांनीं नव्हे, कमरेच्या हाडांनीं वाहावयाचें असतें. म्हणून सॅकेंत दहा-बारा किलो वजन घालून दुकानांतच ती पाठीस लावावी, पट्टा कमरेवर घट्ट करावा, आणि खांद्यावरचा भार हलका होतो कीं नाहीं तें पाहावें. होत नसेल तर ती सॅक कितीहि सुंदर असली तरी दुसऱ्या कोणाची तरी आहे असें समजावें. जड वस्तु पाठीलगत मधोमध ठेवाव्या. त्या खालीं किंवा बाहेरच्या बाजूस गेल्या तर सॅक माणसास मागें खेंचते, आणि अवघड जागीं तेवढा हिसका पुरतो. स्वतःच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक ओझें नवशिक्यानें घेऊं नये. सॅकेवर घालावयाच्या टोपीनें पाणी पूर्णपणें अडत नाहीं. आंतील सामान जाड प्लॅस्टिकच्या पिशवींत भरणें हाच खरा उपाय.

येथवरचें साहित्य कोणत्याहि गडास लागतें. परंतु महाराष्ट्रांत असेहि गड आहेत कीं, जेथें केवळ पायांनीं जातां येत नाहीं. अलंग-मदन-कुलंग ह्या त्रयींतील मदन किंवा रायगडासमोरचा लिंगाणा ह्यांच्यासाठीं दोर लागतोच. ह्या बाबतींत मात्र चूक सुधारण्यास दुसरी संधि नसते. पूर्वीं दोर अंबाडीसारख्या तंतूंचे असत. ओले झाले कीं ते कुजत, आणि मोठ्या धक्क्यानें तुटत. १९३५ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोदर्स ह्यांनीं नायलॉनचा शोध लावला आणि कांहीं वर्षांतच गिर्यारोहणाचा दोर पालटला. नायलॉनचा दोर ताणला जातो. पडणाऱ्याच्या अंगावरचा हिसका तो स्वतः गिळतो. परंतु ह्यांतहि दोन जाती आहेत. खालून चढत जाणाऱ्यासाठीं लवचिक दोर हवा. वरून उतरण्यासाठीं व ओझें ओढण्यासाठीं न ताणणारा दोर हवा. एकाच्या जागीं दुसरा वापरणें म्हणजे पुनः धान्य म्हणून मीठ चढविणेंच होय. बाजारांत ट्रकवर माल बांधावयास मिळणारी रस्सी दिसावयास जाड असते, परंतु माणसाचें पडणें झेलण्यासाठीं ती बनविलेली नसते. दोर, कमरपट्टा, हेल्मेट आणि कॅराबिनर ह्यांवर आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची किंवा युरोपीय मानकाची खूण आहे कीं नाहीं हें पाहावें. चांगल्या कॅराबिनरवर किमान २० किलोन्यूटन हा आंकडा कोरलेला असतो. ह्याचा अर्थ सुमारें दोन टन वजनाचा ताण तो सहन करतो.

खूण पाहून मात्र काम संपत नाहीं. दोराचा जन्म केव्हांचा, तो कोणी, किती आणि कसा वापरला, त्यावर कधीं मोठा धक्का बसला कीं काय, हें ठाऊक नसेल तर तो दोर अनोळखी पोत्यासारखाच होय. उन्हानें नायलॉन दुबळें होतें. मोटारीच्या बॅटरींतील आम्लाचा थेंबहि त्यास पुरतो, आणि डोळ्यांस त्याची खूण दिसत नाहीं. न वापरलेला दोरहि दहा वर्षांनंतर बाद समजतात. ज्यास दोर वापरावयाचे शिक्षण नाहीं, त्यानें तो विकत घेऊं नये. कारण दोर नसता तर तो कड्याच्या खालींच थांबला असता, आणि दोरामुळें उगीच धीर येऊन तो वर जाईल. प्रथम एखाद्या अनुभवी संस्थेबरोबर जावें, त्यांचें साहित्य वापरून पाहावें, गांठी शिकाव्या, आणि मग खरेदीचा विचार करावा. ह्यांत पैसे वांचतात हा लाभ दुय्यम. मुख्य लाभ असा कीं, काय मागावें हें तोंवर समजलेलें असतें.

जे तरुण सह्याद्री सोडून हिमालयाकडे वळतात, त्यांना हाच धडा अधिक कठोर भाषेंत मिळतो. गुलमर्गसारख्या ठिकाणीं आंखलेल्या उतारापासून दूर, अस्पर्शित बर्फावर स्की घेऊन जाणारे लोक तीन वस्तु प्रत्येकीं बरोबर बाळगतात: हिमस्खलनांत गाडल्या गेलेल्या सोबत्याचा ठाव सांगणारें संदेशयंत्र, बर्फांत खुपसून पाहावयाची लांब सळई आणि घडीचें फावडें. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वांचतो. त्यानंतर ती आशा झपाट्यानें मावळते. तेव्हां ज्याच्यापाशीं यंत्र आहे परंतु फावडें नाहीं, त्यास सोबती कोठें मरत आहे एवढेंच कळतें. आणि ज्याच्यापाशीं तिन्ही वस्तु आहेत परंतु ज्यानें त्या कधीं चालवून पाहिल्या नाहींत, त्याचीं तीं दहा मिनिटें पेटी उघडण्यांतच जातात. म्हणूनच दार्जिलिंगची १९५४ सालीं स्थापन झालेली हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा उत्तरकाशीची १९६५ ची नेहरू संस्था येथें साहित्य नुसतें दाखवीत नाहींत, तें अंगवळणीं पाडतात.

दौलताबादच्या शेजारच्या शहरानेंहि एव्हरेस्टवर आपलीं माणसें पाठविलीं आहेत. पोलीस दलांतील रफिक शेख ह्यांनीं २०१६ मध्यें तें शिखर गांठलें. त्यापूर्वींच्या दोन वर्षांत हिमस्खलन आणि भूकंप ह्यांमुळें त्यांना परतावें लागलें होतें. मनीषा वाघमारे ह्या २०१७ मध्यें शिखर थोडक्यांत राहिलें असतां हवामान पाहून मागें फिरल्या, आणि २०१८ मध्यें पुनः जाऊन त्यांनीं तें सर केलें. अंगावर उत्तमोत्तम साहित्य असतां, इतकें द्रव्य आणि इतके दिवस खर्ची पडले असतां, शिखर डोळ्यांपुढें असतां पाठ फिरविणें, हें जगांतील कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. जो परत फिरूं शकतो, त्याच्याच हातीं सामान शोभतें; कारण सामानाचा हेतु शिखर गांठणें हा नसून माणूस घरीं आणणें हा आहे.

शेवटीं कुटुंबांतील वडीलधाऱ्यांसाठीं एक गोष्ट. मुलानें किंवा मुलीनें डोंगरावर जावयाचें ठरविलें म्हणजे घरांत दोन तऱ्हेचे प्रश्न विचारले जातात: जावयास हवेंच का, आणि पैसे किती लागतील. ह्यांच्या जोडीस तिसरा प्रश्न विचारण्याची संवय लावावी. निघण्याच्या आदल्या रात्रीं बैठकींत एक चादर अंथरावी आणि सॅकेंतील प्रत्येक वस्तु तीवर मांडावयास सांगावी. दिवा लावून दाखव, बूट वांकवून दाखव, पाणी मोज, औषधें कोणतीं तें सांग, कोणत्या वाटेनें जाणार आणि केव्हां परतणार तें कागदावर लिहून ठेव. बरोबर जाणाऱ्यांत सर्वांत अशक्त कोण आणि त्याच्यापाशीं काय आहे, हेंहि विचारावें. कारण तुकडी नेहमीं तिच्यांतील सर्वांत अशक्त माणसाच्या पावलानें चालते, आणि त्याचा फाटका बूट हा सर्वांचाच फाटका बूट असतो. ह्या चौकशींत अविश्वास नाहीं. ज्या मुलास ह्या प्रश्नांचीं उत्तरें देतां येतात, त्यास निर्धास्तपणें जाऊं द्यावें. ज्यास देतां येत नाहींत, त्यास एक आठवडा थांबावयास सांगावें. गड कोठें पळून जात नाहीं.

देवगिरी सातशेंहून अधिक वर्षें त्याच जागीं उभा आहे. यादव गेले, खिलजी गेले, तुघलक गेले, निजामशाही आणि मोंगलाई गेली. त्यांतील प्रत्येकानें त्या कातळास आपल्या परीनें अजिंक्य मानलें होतें. कातळानें दगा कोणासच दिला नाहीं. दगा झाला तो घाईनें पाठीवर घेतलेल्या, न उघडलेल्या पोत्याचा. पुढच्या रविवारीं जे कोणी त्या पायऱ्या चढतील, त्यांनीं खालच्या दरवाजापाशीं क्षणभर थांबून आपलें पोतें उघडून पाहावें. आंत मीठ असेल तर तें मीठ आहे हें ठाऊक असावें, आणि धान्य असेल तर तें बरोबरच्या सर्वांस पुरेल एवढें असावें.